घोडा आणि एक क्रियापद

दोरी तुटलेली नव्हती. तिचं सुटं टोक नीट होतं, ओढ बसून विस्कटलेला एकही धागा त्यात नव्हता, आणि उरलेली दोरी सारख्या आकाराच्या वेटोळ्यांत गुंडाळून शेडच्या खिळ्याला अडकवलेली होती. सुशांतने ती खाली काढली, बोटांनी चाचपली आणि होती तशी परत अडकवली. पळून गेलेला घोडा दोरी गुंडाळून ठेवत नाही. चोराला तेवढी सवड नसते. म्हणजे घोडा कोणीतरी सावकाश, हक्काने आणि दोरीची काळजी घेऊन नेला होता.

“काय झालं?” चारुताने गाडीची काच खाली करून विचारलं.

“काही नाही. बघतो जरा,” सुशांत म्हणाला आणि शेडच्या मागे जाऊन आला. घोडा मागेही नव्हता. शेडच्या मागे एक पपईचं झाड आणि कुंपण यांच्यामध्ये घोडा मावेल एवढी जागाच नव्हती, पण वाईट बातमी दोनदा तपासून घ्यायची सुशांतला सवय होती.

तळोज्याच्या एका रंगाच्या कंपनीत तो प्रयोगशाळेत होता. भिंतीला लावलेला रंग पूर्ण वाळला असं केव्हा म्हणायचं, हे ठरवणं हे त्याचं काम. ते घाईने न ठरवण्याबद्दल कंपनीत त्याचं नाव होतं. घरी मात्र त्याच गुणाचं कौतुक नव्हतं. घोडा ठेवायचा की द्यायचा, हे त्याची बायको चारुता गेल्या दिवाळीपासून विचारत होती आणि सुशांत ‘बघू’ म्हणत होता.

घोडा आला होता तोही याच शब्दामुळे. कंपनीतले एक सहकारी मस्कतला निघाले, त्यांनी ‘घोडा घेशील का?’ असं विचारलं, सुशांत ‘बघू’ म्हणाला, आणि पुढच्याच शनिवारी न्यू पनवेलच्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकात टेम्पो उभा राहिला. वॉचमनने आत बघून कोणत्या फ्लॅटचा, एवढंच विचारलं. घोड्याचं नाव तुफान होतं. त्याच दिवशी त्याची रवानगी शिरढोणला काशिराम या शेतकऱ्याच्या शेडमध्ये झाली, आणि तिथे असं लक्षात आलं, की काशिरामच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली की तुफान मागे मागे जातो.

सुशांत एकदाच त्याच्यावर बसला होता. तेव्हा काशिरामच्या बायकोची, गुणाबाईंची, डाळ शिजत होती. तुफान मागे गेला तो थेट पेंढ्याच्या गंजीत शिरूनच थांबला. त्यानंतर सुशांत दर रविवारी लगाम धरून त्याच्या बाजूने चालायचा, शेताच्या बांधापर्यंत जायचा आणि परत यायचा. त्या वाटेवर त्याला कोणी काही विचारत नसे. आठवड्यात एवढा एकच तास तसा होता. घरी आल्यावर चारुताला तो सांगे, “आज छान रपेट झाली.” गुडघ्यापर्यंतचे बूट घालूनच तो घरून निघे, आणि हेल्मेट गाडीच्या डिकीत होतंच.

त्यामुळे घोडा द्यायचा नाही, हे त्याला मनातून पक्कं ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवलं असतं, तर ‘मला एकदा बसून दाखव ना’ हे पुढचं वाक्य आलं असतं. म्हणून तो बघू म्हणत राहिला. आणि आज तर अलिबागकडचे दिनानाथ राऊत टेम्पो घेऊन निघालेसुद्धा होते. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला त्यांना एक शांत घोडा हवा होता.

चारुता आज पहिल्यांदाच शिरढोणला आली होती. खांदा कॉलनीतल्या एका शाळेत ती मराठी शिकवायची. पळस्प्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने जे सांगायचं ते शांतपणे सांगून टाकलं होतं.

“मला घोड्याचा राग नाहीये. ठेव, हरभरे मी भिजत घालीन. दे, निरोप द्यायला मीच येईन. पण फ्लॅट कितव्या मजल्यावर, सोफा कुठल्या रंगाचा, सगळं आजवर मी ठरवलंय, कारण तुझं बघू संपेपर्यंत दुकानं बंद होतात. घोडा मी ठरवणार नाही. आणि एकट्याने घ्यायच्या निर्णयाला तू अनेकवचन का वापरतोस, हे मला अजून कळलेलं नाही.”

सुशांत तेव्हा काय म्हणणार होता, ते सिग्नल सुटल्यामुळे राहून गेलं.

आता रिकाम्या शेडपुढे तो उभा होता, तेवढ्यात घरातून गुणाबाई बाहेर आल्या. नवं पातळ, डोक्यात मोगऱ्याचा भरगच्च गजरा, कोपरापर्यंत आदल्या दिवसाची हळद. तुफानला दाणापाणी बहुतेक त्याच घालत.

“सायेब, तुमी अजून हितंच? घोरा तं कवाच गेला.”

“गेला? कुठे?”

“वरातीला. आमचे प्रणितचे. मागल्या रैवारी ह्यांनी तुमाला विचारला नाय काय, पुतन्याचे वरातीला घोरा देता काय म्हून? तुमी बोल्लात ना.”

“मी काय बोललो?”

“बघू बोल्लात.”

“अहो काकू, पण बघू म्हणजे…”

“बघू म्हंजे हो,” गुणाबाई म्हणाल्या. “नाय असता तं तुमी नाय बोल्ला असता. आमच्यात नाय म्हंजे नाय.”

चारुता गाडीतून खाली उतरली होती. मागच्या बाकावरच्या मुलाने अनपेक्षितपणे अचूक उत्तर द्यावं, तसा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

त्याच वेळी सुशांतचा फोन वाजला. दिनानाथ राऊत अगदी जवळ आले होते. पण पुढे गाड्या थांबल्या होत्या. कोणाची तरी वरात हायवेवर अडकली आहे, असं लोक म्हणत होते. तुम्ही फोनवर बघू म्हणालात, म्हणून म्हटलं समक्ष येऊनच बघू, असं त्यांनी दोनदा सांगितलं. सुशांतला त्यांचं फक्त मधलं वाक्य ऐकू आलं होतं. वरात हायवेवर होती, वरातीत दणदणाट करणारा बेंजोचा बँड होता, आणि कुकरच्या एका शिट्टीला मागे मागे जाणारा घोडा त्या बेंजोच्या पुढे होता. त्याच्यावर एक माणूस बसलेला होता आणि त्या माणसाचं आज लग्न होतं.

तिघेही धावत निघाले. गुणाबाई सर्वांत पुढे होत्या. सुशांतचा चेहरा पाहून त्यांना त्याची दया आली असावी, कारण त्या धावता धावता धीर देऊ लागल्या. घोरा गरीब हाय, काय नाय करत. सायबांनी कशाला भ्यावं? आणि तसे सायेब भितातच जरा. त्याच्यावर बसत नायत, नुसते संगती चालतात. सगला गाव बघतो ना दर रैवारी.

चारुता धावतच होती. तिने फक्त एकदा मान खाली घालून सुशांतच्या गुडघ्यापर्यंतच्या बुटांकडे पाहिलं.

गावदेवीचं देऊळ हायवेच्या पलीकडे होतं. वरात तिथवर जायची, नवरदेवाने देवीच्या पाया पडायचं आणि मग गाडीत बसून हॉलवर जायचं, असा बेत होता. तो बेत रस्त्यातच संपला होता. रस्ता ओलांडायच्या जागी नुकतेच नवे पांढरे पट्टे मारले होते, आणि त्यांच्या काठाशी तुफान चारही पाय रोवून उभा होता. गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर लाल मखमल, वर प्रणित. प्रणितला फेटा होता, मुंडावळ्या होत्या, काळा चष्मा होता, हातात कट्यार होती, आणि चष्म्याखालून घामाचे ओघळ येत होते. तुफानच्या मागे बेंजो आणि अख्खी वरात. दोन्ही बाजूंना बंदराकडे निघालेले कंटेनर, मोटारी, एस.टी. आणि सर्वांच्या हातात उंच धरलेले मोबाइल.

पट्टे पाहून तो थांबला असणार, हे सुशांतच्या लगेच लक्षात आलं. रात्री गाड्यांच्या दिव्यांत चमकावेत म्हणून त्या रंगात काचेचे बारीक मणी घालतात, आणि ते उन्हातही चमकतात. घोड्याला असा पट्टा रस्त्यातला खड्डाही वाटू शकतो. हे ज्ञान त्या क्षणी कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

काशिराम लगाम ओढत होते. त्यांनी गूळ दाखवून झाला होता, हरभरे दाखवून झाले होते, पाठीवर थाप मारून झाली होती. बेंजो थांबवून पाहिला, पुन्हा सुरू करून पाहिला. वरातीमागून येणारं घोडं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. वरातीपुढे उभं राहिलेलं नवीन होतं.

“काका, उतरू काय मी?” प्रणितने वरून विचारलं.

“गप बस,” खालून गुणाबाई म्हणाल्या. “देवीचे पाया परल्याशिवाय नवरदेवाचा पाय जमिनीला नाय लागाचा.”

म्हणजे नवरदेव उतरू शकत नव्हता आणि घोडा पुढे जाऊ शकत नव्हता. राहिली मागची दिशा. मागे बेंजोवाले होते आणि त्यांच्या मागे रस्त्याच्या कडेचा उघडा नाला. आता एखाद्या कंटेनरने भोंगा वाजवला, की पुढचं सगळं सुशांतला गंजीतल्या अनुभवावरून स्पष्ट दिसत होतं. सगळ्यांत पुढच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरचा हात भोंग्याच्या दोरीकडे जाताना दिसला, तसा सुशांत पळत केबिनखाली गेला आणि हात जोडून भोंगा वाजवू नका म्हणाला. ड्रायव्हरने हात खाली घेतला.

“कितना टाइम लगेगा?”

“देखते हैं,” सुशांत म्हणाला.

तो परत आला तेव्हा दिनानाथ राऊत पोहोचले होते. टेम्पो मागे सोडून ते चालत आले होते. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, सावकाश बोलणं. आपण जो घोडा बघायला आलो तो हाच, हे कळल्यावर त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. घोडा कसा आहे हे पाहायला अडचणीची वेळच बरी, असं ते काशिरामना म्हणाले. त्यांनी तुफानचे पाय पाहिले, दात पाहिले, मग पंचा त्याच्या डोळ्यांवरून धरला आणि लगाम हलकेच ओढला. तुफान तसूभरही हलला नाही, पण त्याने डोकंही झटकलं नाही.

“हा अडेलतट्टू नाही,” दिनानाथ म्हणाले. “सांगण्याची वाट बघतोय. याला कसला तरी शब्द लावलेला आहे. कोणता?”

“मी तं ह्याला ‘ए’ बोलतो,” काशिराम म्हणाले आणि ‘ए’ म्हणून दाखवलं. काही झालं नाही.

मग सगळे घोड्याच्या मालकाकडे पाहू लागले. काशिराम, दिनानाथ, बेंजोवाले, वरून नवरदेव. सुशांतने मनापासून आठवून पाहिलं. घोड्याला आपण काही शिकवलं असेल, असं त्याला वाटेना. त्याने आजवर कोणालाच काही करायला सांगितलं नव्हतं. त्याने तसं सांगितलंही.

“चालायला लागताना तू काय म्हणतोस?” चारुताने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता. ती माहिती विचारत होती, एवढंच.

सुशांतला तेही आठवेना. तो पुढे झाला, काशिरामच्या हातून लगाम घेतला आणि रविवारी उभा राहायचा तसा तुफानच्या डाव्या बाजूला, समोर तोंड करून उभा राहिला. ट्रेलरचा ड्रायव्हर पुन्हा दोरीकडे हात नेत होता. सुशांतने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने श्वास सोडला आणि तोंडातून आपोआप आलं,

“चल बघू.”

तुफानने कान पुढे केले, पहिला पट्टा हुंगला आणि त्यावर पाय ठेवला. मग दुसऱ्यावर. प्रणितने कट्यार धरलेल्या हातानेच मानेवरची आयाळ घट्ट पकडली. बेंजोवाल्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि जिथे थांबले होते तिथूनच पुढचे सूर वाजवायला सुरुवात केली.

आई मुलाला ‘खा बघू’ म्हणते, त्यातलं ते बघू होतं. त्याला भविष्यकाळ नव्हता.

चारुता दुसऱ्या बाजूने घोड्याबरोबर चालत होती. रस्ता ओलांडून झाल्यावर ती घोड्याच्या मानेखालून वाकून सुशांतला म्हणाली, “आज्ञार्थ. तुझ्याजवळ आज्ञार्थ आहे, हे मला लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.” बुटांबद्दल ती काहीच बोलली नाही. ते न बोलणं सुशांतला देवळापर्यंत ऐकू येत राहिलं.

प्रणित घोड्यावरून थेट देवळाच्या पायरीवर उतरला, देवीच्या पाया पडला, आणि गाडीत बसण्यापूर्वी तुफानला लांबूनच नमस्कार करून गेला. हायवे मोकळा झाला. हॉलवर जायच्या दोन बस अजून भरायच्या होत्या, म्हणून निम्मी वरात देवळापुढेच उभी होती आणि तिच्यासाठी बेंजो वाजत होता. काशिराम खुशीत आले. पुढल्या महिन्यात त्यांच्या साडूच्या कुंदनचं लग्न होतं, तेव्हाही हाच घोरा, सायबांनी फक्त संगती यावं, असं त्यांनी सुशांतच्या कानाशी ओरडून सांगितलं. सुशांतच्या ओठांवर ब आला होता. चारुताने पाहिलं आणि तो खोकला.

तोवर दिनानाथांनी टेम्पो देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत आणून मागची फळी खाली टाकली होती. ते अदबीने समोर आले. घोडा पाहिला, पसंत आहे, असं म्हणाले. एवढ्या गोंगाटात उभा राहिला, लाथ नाही, चावा नाही, लहान मुलांना असाच हवा.

“तर मग नेऊ ना?”

“म्हणजे तसं… आपण बघू,” सुशांत म्हणाला. निघूनच गेलं.

दिनानाथ जुन्या वळणाचे होते. त्यांच्याकडे माणूस आपल्या तोंडाने विकतो म्हणत नाही, बघू म्हणतो, आणि घेणाऱ्याने ते समजून घ्यायचं असतं. त्यांनी समजून घेतलं. मान लववली आणि लगाम हातात घेतला.

आणि सुशांतला त्या दिवसात पहिल्यांदाच हायसं वाटलं. कारण आपल्याला आता काहीच बोलावं लागणार नाही, असा त्याने मनाशी हिशेब केला होता. काशिरामनी ओढून तुफान हलला नव्हता, दिनानाथांनी ओढूनही हलला नव्हता. तो फक्त आपलं ऐकतो. हे आत्ताच शेकडो लोकांसमोर सिद्ध झालं होतं. तो फळीपाशी थांबेल, दिनानाथ दमतील, आणि निर्णय घोडाच घेईल.

दिनानाथ तुफानच्या डाव्या बाजूला उभे राहिले, समोर तोंड करून, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “चल बघू.”

तुफान निघाला.

प्रयोग दुसऱ्याने केला आणि तरी निष्कर्ष तोच आला, की तो खरा मानायचा, हे सुशांतने स्वतः कंपनीत नव्या लोकांना शिकवलं होतं. शब्द काम करत होता. माणूस कोणीही चालत होता. तुफान त्याच चालीने, तसेच कान पुढे करून, बांधाकडे जावं तसा टेम्पोकडे चालला होता.

गुणाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. घोरा सायबांचा होता. काशिराम टोपी काढून पुन्हा घालत होते. चारुता सुशांतपासून हाताच्या अंतरावर होती आणि पळस्प्याला दिलेला शब्द पाळत देवळाच्या कळसाकडे पाहत होती. तिचे डोळे भरले होते, पण कळसावरून ती नजर काढत नव्हती.

तुफानचा पुढचा पाय फळीवर वाजला.

“म्हणजे काय आहे, दिनानाथराव,” सुशांत म्हणाला.

दिनानाथ थांबले. घोडाही थांबला. “बोला ना.”

“तसं बघायला गेलं, तर…”

दिनानाथांनी वाट पाहिली. पुढे काही येईना, तेव्हा ते समजूतदारपणे हसले. जनावर देताना सगळ्यांचं असंच होतं, असं म्हणाले आणि पुन्हा तो शब्द उच्चारला. दुसरा पाय फळीवर वाजला. फळी थोडी वाकली. मागचे पाय अजून मातीत होते. आत, टेम्पोच्या अंधारात, गवताची पेंढी बांधलेली सुशांतला दिसली. तुफानलाही ती दिसली असावी.

“थांबा,” सुशांत म्हणाला. बेंजोत ते बुडालं. तो पुढे झाला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला, “थांबा, मला भीती वाटते!”

नेमकी तेव्हाच बेंजोवाल्यांनी चाल संपवली होती. देवळापुढची सगळी वरात वळून पाहू लागली. दिनानाथांनी लगाम सैल सोडला.

“कशाची भीती?” त्यांनी विचारलं.

सुशांतच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. आता आवाज खाली आणण्यात अर्थ नव्हता. त्याने चारुताकडे पाहिलं. ती कळस सोडून त्याच्याकडे पाहत होती.

“त्याच्यावर बसायची. मी एकदाच बसलोय. मी रपेट करत नाही, चारू, मी त्याच्या बाजूने बांधापर्यंत चालतो आणि परत येतो. मला घोड्यावर बसायचं नाही, उद्याही नाही. काशिरामकाका, कुंदनच्या वरातीला तो मिळणार नाही. दिनानाथराव, तुम्हाला इतक्या लांब यायला लावलं, माझी चूक झाली, पण त्याला खाली घ्या.” त्याने लगाम हातात घेतला. “मी घोडा ठेवणार आहे.”